पाचशे पांढऱ्या पेशी

अकरा पोरींच्या गालांतून डॉ. तेरदाळकरांना काय काय मिळणार होतं, याची बेरीज मी पोरी जिना चढून वर यायच्या आधीच करून ठेवली होती. संघाचे डॉक्टर म्हणून मलेशियाचा दौरा. पेपरात फोटो, तोही ब्लेझरमध्ये. आणि परत आल्यावर विभागप्रमुखाची खुर्ची, जिच्या गादीला त्यांनी मनातल्या मनात नवा अभ्राही शिवून ठेवला होता. मला मिळायचं होतं ते एकच. चार वर्षं मी त्या कॉलेजच्या पॅथॉलॉजीत तात्पुरती तंत्रज्ञ होते. तात्पुरत्या माणसाला चहाचा कपसुद्धा स्वतःचा नसतो. "हे काम नीट झालं की तुमचं कायमचं बघू, मिस सबनीस," असं सर दोनदा म्हणाले होते. दोनदा म्हणजे सरांच्या हिशेबात पुष्कळच झालं.

आणि पोरींना मिळायचं होतं एक कार्ड. त्यावर एकच वाक्य: ही खेळाडू स्त्री आहे. ते कार्ड नसेल तर विमान नाही, असा तेव्हा नियम होता. हे पोरींना कुणी सांगितलं नव्हतं. "तोंडाची तपासणी आहे, दात घासून या," एवढंच त्यांचे प्रशिक्षक निकम सर बोलले होते. कोल्हापुरात सत्त्याऐंशी साली एकोणीस वर्षांच्या पोरीला याहून जास्त कोण सांगणार?

रांगेत सातवी होती अंजनी चौगुले. पन्हाळ्याच्या पलीकडच्या गावची, चारशे मीटर पळणारी. उंच, सरळ, आणि थरथरणारी.

"मी आलो, बाई," ती म्हणाली.

मागे खुर्चीत बसलेल्या तेरदाळकर सरांनी मान वर केली. सर पुण्याचे.

"आ कर."

"दुखंल?"

"लाकडी पट्टी आहे, करवत नाही. आधी हे सांग. पान, तंबाखू, मिश्री, काही लावतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दारात उभ्या असलेल्या निकम सरांकडे पाहिलं.

"न्हाई."

"माझ्या पोरी असलं काही करत नाहीत बाई," निकम सर म्हणाले. "सापडली तर त्याच दिवशी एसटीत बसवीन."

मी 'नाही'वर खूण केली. पट्टी गालाच्या आतून फिरवली, जे आलं ते काचेवर पसरलं, काच स्पिरिटमध्ये सोडली. दात बघितले नाहीत. माझं काम गालाशी होतं.

"झालं?" तिने विचारलं. "एवढंच? मग मी कशाला भ्यालो?"

पोरी हसल्या. सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी मोजायला बसले. गालातली पेशी म्हणजे एक पातळ पापड. कड म्हणजे तिचं कुंपण, आत पसरट पीठ, आणि मध्यावर एक गोल केंद्रक. घरातलं कपाट म्हणा, सगळे कागदपत्र तिथे. बाईच्या पेशीत एक्स नावाची गुणसूत्रं दोन असतात. एका घरात दोन जावा. एक कामाला लागते आणि दुसरी गाठोडं होऊन कपाटाच्या भिंतीला टेकून बसते. हे गाठोडं म्हणजे केंद्रकाच्या कडेला दिसणारा एक गडद ठिपका. पुरुषाला एक्स एकच, त्यामुळे बसून राहायची सोय नाही आणि ठिपकाही नाही. शंभर पेशी बघायच्या आणि किती जणींत ठिपका दिसतो ते लिहायचं. वीस-पंचवीस आले की झालं.

पहिली पोरगी चोवीस. दुसरी एकतीस. तिसरी बावीस. सहावीपर्यंत मी गुणगुणत होते.

सातवी: शून्य.

मी भिंग पुसलं, तेलाचा नवा थेंब टाकला आणि काचेच्या दुसऱ्या टोकापासून पुन्हा शंभर मोजल्या. शून्य. त्या एका आकड्याचा अर्थ काय होतो, ते त्या क्षणी खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. मी हातातलं पेन खाली ठेवून दिलं, जणू ते पेनच बोलेल.

खरं सांगायचं तर मला आणखी एक गोष्ट दिसली होती. त्या काचेवरचे बरेच पापड करपलेले होते. कडा दुमडलेल्या, आणि मधलं केंद्रक मोहरीएवढं आकसून काळं झालेलं. कपाट असं चेपल्यावर आत कोण बसलंय ते कसं दिसणार? चांगल्या, उघड्या केंद्रकाच्या पेशी तेवढ्या मोजायच्या, हा नियम. पण मग माझ्या शंभर भरत नव्हत्या. आणि शंभर भरल्याशिवाय रकाना रिकामा राहत होता. मी शंभर भरल्या.

सरांनी येऊन डोळा लावला. दहा मिनिटं काच इकडून तिकडे सरकवली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ती स्वतःबद्दल 'मी आलो' म्हणते. ऐकलंत ना काल?"

"सर, कोल्हापुरात सगळ्याच बायका म्हणतात. माझी आईसुद्धा म्हणते."

"हं."

"सर, पेशी जरा जुनाट वाटतात. पुन्हा एकदा घासून..."

"तुम्ही मोजलंत ना? दोनदा?"

"हो."

"शून्य?"

"हो सर."

"मग तुमचं काम संपलं. सही करा. यादी शुक्रवारी मुंबईला जाते. बाहेर गेल्यावर तिथे सापडली तर माझी काय शोभा होईल?" निकम सरांना पाठवायच्या पाकिटावर नाव लिहिताना ते दोनदा चुकले. हा माणूसही भ्यालाय, हे मी पाहिलं आणि मला उगीच बरं वाटलं. मी सही केली.

बुधवारी सकाळी मी काचा धूत होते. मागे पावलं वाजली. वळून पाहिलं तर अंजनी. एकटीच. उजव्या पोटरीला पांढरी क्रेप पट्टी, अगदी गुडघ्यापर्यंत.

"काय झालं पायाला?"

"काय न्हाई." ती आत आली, दार लोटलं आणि तिथेच उभी राहिली. "बाई, सापडली न्हवं?"

माझ्या हातातली काच बादलीत पडली. "काय सापडली?"

"मिश्री." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्तीपायी लागली वो. मी इथं आत्तीकडं ऱ्हातो, ती सकाळ-संध्याकाळ लावती, दात दुखायला लागलं तवा मलाबी दिली. निकम सर हुतं म्हणून मी खोटं बोललो. आता सोडतो. देवाशपथ सोडतो. पन सरांनी मला काढलं."

"काय म्हणाले सर?"

"म्हणाले, तुझं नाव थांबलंय. पायाला पट्टी बांध, स्नायू दुखावला म्हणून सांग सगळ्यांना, आनि गप गावाला जा. त्यातच तुझं भलं हाय." तिने पदराने, म्हणजे ट्रॅकसूटच्या बाहीने, नाक पुसलं. "बाई, मी रातभर इचार केला. मिश्री लावली तोंडाला. मग पट्टी पायाला का?"

मी तिला खिडकीपाशी नेलं. "आ कर." या वेळी मी दात बघितले. हिरड्यांवर तपकिरी रेघ होती. गालाची आतली बाजू पांढरट, सुरकुतलेली, जुन्या वहाणेच्या चामड्यासारखी. भाजलेली तंबाखू रोज दोनदा तिथे चोळल्यावर वरच्या पेशींनी आणखी काय करावं? त्या राठ झाल्या होत्या, केंद्रकं आकसून गेली होती. मी शंभर मेलेल्यांची तपासणी केली होती आणि जिवंत पोरीविरुद्ध निकाल दिला होता.

किंवा तसं नसेलही. मिश्रीनं ठिपका झाकला असेल. पण झाकायला मुळात ठिपकाच नसेल, तर?

गाल सुधारायला पंधरा दिवस लागले असते. हातात दोनच होते. पण रक्ताला मिश्री पोहोचत नाही.

"बोट दे."

"आता आनि काय?"

"दे म्हणते ना."

टोचलं, थेंब घेतला, काचेवर ओढला, रंगात घातला. रंग चढेपर्यंतची वीस मिनिटं ती स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होती आणि मी घड्याळाकडे.

"बाई, तुमाला सांगतो, एक ठिकान आलंय मला. प्राथमिक शाळेत मास्तर हाय. तेंच्या आईनं पेपरातला फोटो कापून ठेवलाय म्हणं माझा. आता पेपरात न्हाई आलो तर इचारतील."

"बोलू नकोस. मला मोजायचंय."

रक्तात तांबड्या पेशींची गर्दी. त्यांना केंद्रक नसतंच. दिवसभर ओझी वाहणाऱ्याला डोकं देऊन ठेवायची निसर्गाला गरज वाटली नाही. मध्येच एखादी पांढरी. त्यांतल्या एका जातीचं केंद्रक अखंड नसतं, तीन-चार मण्यांची माळ असते. बाईच्या रक्तात चाळीसएक पेशींमागे एखादीच्या त्या माळेला एक बारीक टिपरी लोंबते. ती म्हणजे तीच, गाठोडं होऊन बसलेली जाऊ. इथे तिला भिंत मिळत नाही म्हणून बाहेर लोंबकळते. पाचशे पांढऱ्या मोजायच्या. सहा टिपऱ्या मिळाल्या तर शंका संपली.

पहिल्या शंभरात एकही नाही.

दोन-तीन यायला हव्या होत्या. कधी कधी येत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असण्याचा काही उपयोग नव्हता; मी प्रत्येक आकडा ओठांनी म्हणायला लागले.

"बाई, तुमी आकडं पुटपुटताय का?"

"चुकू नये म्हणून."

"आमच्यात मेंढरं अशी मोजत्यात. चुलता म्हणतो, मोजताना भ्यालं की एक मेंढरू कमीच भरतं."

"गप्प बस, अंजनी."

एकशे सदतिसावी. माळेच्या टोकाला काहीतरी होतं. टिपरी की नुसता फुगवटा? मला ती टिपरी हवी होती, म्हणून मी ती धरली नाही. एकशे ऐंशीवर मात्र स्वच्छ: बारीक देठ, वर गोल डोकं. एक. मी श्वास सोडला, तसं मागून स्टूल करकरलं. तिला काही कळत नव्हतं, पण माझी पाठ तिला दिसत होती.

दोनशे चाळीसला दुसरी. तीनशेच्या आत तिसरी. मग नव्वद पेशी ओसाड. व्हरांड्यात सरांच्या बुटांचा आवाज आला, दारापाशी थांबला आणि पुढे गेला. तीनशे नव्वद, चौथी. चारशे एकतीस, पाचवी. मग पुन्हा ओसाड. चारशे सहासष्टला सहावी दिसली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. मला वाटलं भिंग ओलं झालंय. भिंग नव्हतं झालं.

तरी मी पाचशे पुऱ्या केल्या. सात.

"मिश्री सापडली?" तिने विचारलं.

"नाही." मी तिच्याकडे वळले. "काही वाईट सापडलं नाही. तू चांगली आहेस. अगदी चांगली."

"मग पट्टी काढू?"

ती लगेच वाकली आणि गाठ सोडायला लागली. मला पुढचं सगळं दिसलं. पोरगी पट्टीशिवाय मैदानावर जाणार. निकम सर विचारणार. कोण म्हणालं चांगली आहेस? सबनीस बाई. मग पहिला कागद कुणाचा? त्यावर सही कुणाची?

"उद्यापर्यंत ठेव," मी म्हणाले. "उद्या मी स्वतः येते कागद घेऊन. आजचा दिवस ठेव."

"बरं," ती म्हणाली, आणि सुटलेली गाठ तिने पुन्हा बांधली.

तेरदाळकर सरांनी काच बघितली. सातही टिपऱ्या एकेक करून बघितल्या. माणूस लबाड असेल, पण डोळा प्रामाणिक होता.

"बाईचंच रक्त आहे," ते म्हणाले.

"मग सर, नवा कागद..."

"देऊ ना. पण जुना कागद निकमांकडे गेलाय. नवा दिला की विचारतील, आधीचा चुकला कसा? मोजणीवर सही तुमची आहे, मिस सबनीस." त्यांनी चष्मा काढला. "तसं लिहून देता? मोजणीत चूक झाली म्हणून? तुमचा मुलाखतीचा कागद माझ्याच टेबलावर आहे, म्हणून विचारतो."

धमकी नव्हती ती. काळजीच्या आवाजात बोलले. मी कोरा कागद घेतला, 'मी' लिहिलं, आणि थांबले.

"थांबा, घाई नको," सर म्हणाले. "असा काही शब्द शोधू, की कुणाकडेच बोट जाणार नाही."

तो शब्द सापडायला दुसऱ्या दिवसाचे दहा वाजले. 'प्रथम नमुना असमाधानकारक.' नमुना! दोघंही खूश झालो. नमुन्याला ना घर ना नोकरी.

अकराला मी मैदानावर होते. निकम सर पोरींना पळवत होते. पाकीट उघडून त्यांनी दोनदा वाचलं आणि शिट्टी तोंडातून काढली.

"हे काल संध्याकाळच्या आत का नाही आणलंत, बाई?"

"काय झालं?"

"तिची आत्ती आली होती इथे, आक्काताई. चांगली चारचौघांत. म्हणाली, माझ्या पोरीच्या पायाला कुठंच काय न्हाई, मी पट्टी सोडून बघतो. पोरगी सोडू देईना. म्हणे, सबनीस बाईंनी उद्यापर्यंत ठेव म्हणून सांगितलंय. म्हातारीला वाटलं, आम्ही सगळे मिळून पोरीला फसवतोय. ओरडायला लागली. मग मला बाजूला घेऊन सांगावंच लागलं."

"काय सांगितलंत?"

"जे तुमच्या कागदावर होतं ते." ते दुसरीकडे बघू लागले. "सातच्या एसटीनं गेल्या दोघी. यादीत मी राखीव पोरगी घातली. फोनवरून कळवलं काल रात्रीच. आता मुंबईवाले पुन्हा नाव बदलणार नाहीत."

रविवारी मी पन्हाळ्याच्या पलीकडे त्या गावी गेले. एसटीच्या थांब्यावर घर विचारलं, तर एक म्हातारा म्हणाला, "लंगडीचं व्हय? ते काय, देवळामागं." चार दिवसांत नाव पडलं होतं.

आक्काताई ओट्यावर बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं, नवा कागद पुढे धरला. त्यांनी मला वाचायला लावलं. ऐकलं. चेहरा सैल झाला, तोंडावर पदर घेऊन त्या एकदा हुंदका देऊन रडल्या. मग कागदाची घडी घातली आणि परत माझ्या हातात दिली.

"हे घेऊन जावा."

"अहो, पण हा कागद म्हणजे पुरावा आहे. ती..."

"ती बाई हाय म्हणून लिवलंय. व्हय ना? गावात दुसऱ्या कुठल्या पोरीकडं हाय असा कागद? कुनीबी इचारल, हिलाच का लागला?"

"मग निदान पट्टी तरी सोडा. पाय धडधाकट आहे तिचा."

"पाय धडधाकट, तर परत का आली?" आक्काताईंचा आवाज एकदम बारीक झाला. रस्त्याने बायका पाण्याला चालल्या होत्या. "लंगडी बाई म्हणत्यात. म्हनू द्या. बाई तरी म्हणत्यात."

अंजनी आतून चहा घेऊन आली. उजवा पाय ओढत. उंबऱ्याशी थांबली, आधी डावा टाकला, मग उजवा अलगद उचलून घेतला. आत्तीनं सांगितलं होतं तिला सगळं. ते तिच्या डोळ्यांकडे न बघताच कळत होतं.

"आता इथं घरात कोण आहे बघायला?" मी हळूच म्हणाले. "निदान आत तरी नीट चाल."

"आत नीट चाललो की भाईर इसरतो, बाई," ती म्हणाली. "परवा इसरलो. इहिरीवर. एका बाईनं बघितलं का न्हाई, म्हाईत न्हाई." तिने बशी माझ्यापुढे ठेवली. बशीत चहा सांडला होता. "तवापास्नं झोपेतबी पाय वाकडा ठेवतो."

तेरदाळकर सर मलेशियाला जाऊन आले. ब्लेझर त्यांना खांद्यात सैल होता, पण फोटो छापून आला. राखीव पोरगी पळाली, पाचवी आली. निकम सरांच्या संघाबद्दल कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. जूनमध्ये मला कायम केलं आणि पुढची एकतीस वर्षं मी त्याच खिडकीपाशी बसून पेशी मोजल्या, एकदाही चूक निघाली नाही.

प्राथमिक शाळेतल्या मास्तरानं नकार कळवला. त्यांना पायानं अधू मुलगी नको होती. दोन लेकरं असलेला एक बिजवर मिळाला. वैशाखातल्या त्या लग्नाला मी गेले होते, मागे उभी राहिले. अंतरपाट खाली आला, टाळ्या झाल्या, मग सप्तपदी. अंजनी सात पावलं लंगडत चालली, आणि कोणत्या पायानं लंगडायचं ते एकदाही विसरली नाही.